धड ना डांबरी, धड ना मातीची

सहाशे डॉलर, डोरीन म्हणाली,
कर, कुलूप आणि दिवे त्यातच.
पाकीट काउंटरवर ठेवलं, वर तळहात.
मार्चचा शेवट. लुननबर्गच्या उतारांवर
बर्फासाठी टाकलेलं मीठ अजून तसंच.
दिवसभरातलं ती दुसरं गिऱ्हाईक;
पहिला फक्त हवा भरून गेला.

मी तिला आधी चुकीची सायकल दाखवली.
लाल, पुढे शॉक, दिसायला दांडगी.
तिने हँडल धरून दोनदा दाबलं.
जुन्या सोफ्यासारखं ते खाली गेलं
आणि वर यायला वेळ घेतला.
"ह्या भावात ही स्प्रिंग म्हणजे
नुसतं ओझं ना?"
मान्य करावं लागलं.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली तिने,
यंत्राचं खोटं तिला तळपायातून कळतं.

मग बारीक टायरवाली. हलकी, चपळ.
"रस्त्यावर सुसाट जाईल," मी म्हणालो.
"आणि जुन्या रुळांच्या वाटेवर?"
तिथे खडी आहे, बारीक, दाबलेली,
एप्रिलमध्ये मध्येच कुठे चिखल.
"तिथे नाही."
"मला दोन्हीकडे जायचंय, लॉक्लन.
डांबरावरून बहिणीकडे,
आणि खडीवरून कुठेच नाही."

मागे भिंतीला एक टांगलेली होती, करडी,
गेल्या वर्षीचं मॉडेल, दांडीवर ओरखडा,
म्हणून चारशे ऐंशी.
अडतीस मिलिमीटरचे टायर, फोर्क साधा, ताठ,
आठ गिअर, तारेचे डिस्क ब्रेक,
मडगार्ड लावायला भोकं आहेत.
हँडल सरळ, म्हणजे मान वर राहते,
समुद्र दिसतो.
धड ना डांबरी, धड ना मातीची,
मी गमतीत म्हणालो.
ती हसली नाही. सीट कमरेला लावून
उंची बघत होती.

मग म्हणाली, बस शाळा मंडळाची होती.
व्हॅन वॉल्टरने घेतली, बोटीचा ट्रेलर ओढायला.
एकही चाक मी स्वतः निवडलेलं नाही रे.
हे मला सांगितलं की ब्रेकच्या तारेला,
कळलं नाही.

तिच्या बसमध्ये मी चौथ्या रांगेत, खिडकीशी.
बाप गेला त्या हिवाळ्यात रोज उशीर करायचो.
ती रोज थांबायची, दार उघडं, हीटर वाया,
आणि मी चढताना आरशात पाहायची नाही.
आता मी तिच्यासमोर पान्हा घेऊन खाली बसलोय,
पेडल तळाला असताना तिचा गुडघा
किंचित वाकलेला राहावा, एवढंच बघतोय.

"एक चक्कर मारून या."

चढावर गिअर बदलताना साखळी खरखरली,
मग गप्प झाली.
दारात उभा राहून मी पाहत होतो.
खाली, जिथे ती वाट रस्त्याला छेदते,
रूळ कधीच उपटलेत,
लाकडी पट्ट्यासुद्धा कुणी कुंपणाला नेल्या,
तिथे ती थांबली.
एक पाय जमिनीवर. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं,
उजवा हात आपसूक पुढे गेला
दाराचा दांडा ओढायला.
दांडा नव्हता. हात थोडा वेळ तिथेच राहिला.
तिने कान दिला,
मागे पन्नास पोरं असल्यासारखा.
मग खडीवर उतरली.

वीस मिनिटांत येते म्हणाली होती.
चाळीस झाली. पाकीट काउंटरवरच.
मी ड्रॉवर उपसून एक पितळी घंटी काढली,
कुठल्या तरी मोडीत गेलेल्या सायकलची,
चिंधीने पुसत बसलो,
बिलात धरावी की धरू नये
हे काही केल्या ठरेना.